पोहून आलेला कॅप्टन

नाही म्हणजे नाही — आणि ते टोक आधी नीट धरा, ताडपत्री जमिनीला लागतेय, गिऱ्हाइकाचा माल आहे. हां, असं. कोपऱ्याला कोपरा लावा आणि चालत माझ्याकडे या. अहो, असे लाजता काय, घडी घालायला दोन माणसं लागतात आणि माझ्या दुकानात कोणी नुसतं बसून बोलत नाही, ट्रकवालेसुद्धा आले की सुतळी गुंडाळत बोलतात. तुमच्या समितीची माणसं आली होती ना मागे, त्यांना मी काय सांगितलं ते त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल — आणि तरी तुम्हाला पाठवलं. का, तर खुद्द कॅप्टनसाहेबांचा मुलगा दारात बघितला की म्हातारी विरघळेल. म्हातारी काय साबण आहे?

तो बघा, मागच्या दारातून दिसतोय तो खुंट. कमरेएवढा, काळा पडलेला, दोराने घासून मध्ये खाच पडलेला. तोच ना? तोच तुम्हाला उपटायचाय आणि तिथे कॅप्टनसाहेबांचा पुतळा उभा करायचाय. अख्खा काठ मोकळा पडलाय, पुलापाशी बाग केलीय, बागेत बाकडी आहेत, कारंजं आहे, ते कधी चालत नाही ते सोडा — पण नाही, तुम्हाला इथेच हवाय. कारण तुमच्या वडिलांच्या कादंबरीत लिहिलंय, नायक धुक्यात नदी पोहून आला आणि नावाड्याच्या खुंटाला धरून वर चढला. बरं, पुतळ्यावर भागेल म्हणावं तर शेजारी फलक. आणि फलकावर काय? याच जागी फितूर नावाड्याने शत्रूला वाट दिली. वा! माझ्या आजोबांच्या जमिनीत उभं राहून माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला शिवी, आणि वर उद्घाटनाला मी पुढच्या रांगेत बसायचं. हार कोण आणणार, तोही मीच आणू?

वाचलंय हो, वाचलंय. न वाचता तोंड टाकणाऱ्यातली मी नाही. चांगलं लिहिलंय — राग आला तरी चांगल्याला चांगलं म्हणावं. ते नदीचं वर्णन, धुकं कसं आधी पाण्यावर बसतं आणि मग काठ चढतं, ते अगदी तसंच आहे, त्या माणसाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पुढे बघा ना गंमत. कादंबरीतलं सैन्याच्या इतिहासात गेलं, इतिहासातून शाळेच्या पुस्तकात आलं, आणि आता शाळेच्या पुस्तकातून तुम्ही दगडात घालताय. एकदा दगडात गेलं की कोण खोडणार? माझ्या मशीनवर चुकीची शिवण उसवता येते, दगड कोणी उसवत नाही. म्हणून म्हणते, नाही.

आता दुमडा. अजून एकदा. बसा त्या गठ्ठ्यावर, मला या कडेला कड्या ठोकायच्यात, आवाज होईल, तुम्ही बोलू नका म्हणजे झालं. नाहीतरी तुम्ही काय बोलणार आहात ते मला पाठ आहे — त्याग, पराक्रम, पुढच्या पिढ्या.

तुम्हा लोकांचं एक आहे. नदी म्हटलं की तुम्हाला लढाईच दिसते. इतिहासवाले येतात, विचारतात पात्र किती रुंद, पाणी किती खोल, तोफा कुठे होत्या. माझे आजोबा सांगायचे, फार पूर्वी कुठल्याशा राजाची फौज इथून उतरली आणि तिची एक तोफ गाळात गेली ती गेलीच, अजून आत आहे म्हणे. प्रत्येक युद्धात ही नदी आहे. आणि प्रत्येक वेळी पुस्तकात ती भिंत असते — अभेद्य काय, अजिंक्य काय. अहो, सैन्याला भिंत वाटत असेल, आमच्यासाठी तो रस्ता होता. त्या काठचे इकडे दळणाला यायचे, इकडचे तिकडे औषधाला जायचे, भाषा एक, शिव्या एक, सोयरिकी एकमेकांत. माझंच सासर त्या काठावर व्हायचं — राहू दे ते.

सांगत काय होते? दादा. आमच्या घरात होडी आजोबांची, मग वडिलांची, मग दादाची. वल्ह्याची होडी नाही — या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर बांधलेला, इकडे या खुंटाला, तिकडे तशाच दुसऱ्या खुंटाला, आणि रुंद होडी त्या दोराला कडीने अडकवलेली. हाताने दोर ओढत जायचं. आणि आमच्या घरात एक रीत होती. दिवस संपताना होडी बांधायच्या आधी काठावर उभं राहायचं आणि पलीकडे हाक घालायची — कोण राहिलं का होऽऽ! पलीकडून आहे असं उत्तर आलं की निमूट जायचं आणि आणायचं. परत आलं की पुन्हा हाक. उत्तर येईनासं होईपर्यंत हाक घालायची, मगच दोराची कडी काढायची. आणि उत्तर देणारा कोण, कसला, हे तिकडे विचारायचं नाही. आजोबा म्हणायचे, हाक आली त्याला आणायचं, माणूस कोण ते या काठावर बघायचं. एकदा तर एक बकरी आली — नाही, खरंच, मालक तिकडेच दारू पिऊन पडलेला, त्याने नुसती आहे म्हणून आरोळी ठोकली आणि होडीत बकरी चढवून दिली. आणली की वडिलांनी!

तुमच्या फलकावर या हाकेबद्दल कुठे काही आहे का? इतिहासात? कुठ्ठे नाही. म्हणून तर त्यांना कळत नाही की आमचा शहाणासुरता माणूस शत्रूला घेऊन कसा आला. मग सोपं उत्तर काय — फितूर. लाच खाल्ली. मोकळे.

ऐका तर आता. युद्धात आपलं सैन्य मागे हटत होतं, आलं आमच्या काठावर, आणि दादाच्याच होडीतून सगळं इकडे उतरलं. त्या वेळी दोर ओढून ओढून त्याच्या तळहाताची सालं निघाली होती, मी चिंध्या बांधून देत होते. शेवटच्या खेपेला एक मोठा साहेब उतरला आणि म्हणाला, संपलं, आता दोर कापून टाक आणि होडी बुडव. आणि सगळे वर बांधाआड गेले. हातात कुऱ्हाड दिली आणि उंटावरून शेळ्या हाकाव्या तसं सांगून गेले. दुपार होती पण धुकं इतकं की खुंटावरून होडीचं टोक दिसेना. दादाने कुऱ्हाड उचलली, आणि थांबला. हाक घातल्याशिवाय दोर सोडायचा नाही, तर कापायचा कसा? म्हणून हाक घातली. आणि पलीकडून उत्तर आलं. आहे. क्षीण, पण आलं.

कोण असणार? आपलेच जखमी. मागे राहून गेलेले. मोठा साहेब संपलं म्हणाला तेव्हा ते तिकडच्या काठावर चिखलात पडलेले होते. दादा गेला, एकेकाला उचलून होडीत घातलं आणि घेऊन आला. आणि त्या होडीत, सगळ्यांच्या मागे, आमच्याच जुन्या ताडपत्रीखाली अंग मुडपून एकजण निजला होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. कोवळा होता, मिशी पुरती फुटली नव्हती, दात असे वाजत होते की मला वाटलं होडीत काहीतरी खडखडतंय. ताडपत्री मीच ओढली. उठला, उतरला, खांद्यावरची फीत चाचपली, आणि माझ्याकडे बघून पहिलं काय बोलला सांगू? कोणी पाहिलं का?

तुम्ही गठ्ठ्यावरून उठताय कशाला, बसा. तुमचे वडील होते ते, मला ठाऊक आहे तुम्हालाही कळलंय. कान बघा तुमचे — तेच कान.

मी म्हटलं, आम्हा भावंडांशिवाय कोणी नाही. तर म्हणाले, एक बादली पाणी दे. मला वाटलं प्यायला हवंय, तांब्या घेऊन आले, तर म्हणाले नाही, बादली. होडीतलं पाणी उपसायची बादली होती, ती भरली नदीतून, आणि ते समोर गुडघ्यांवर बसले, आणि म्हणाले ओत. डोक्यावरून ओत. थंडीचे दिवस, धुकं, आणि मी त्यांच्यावर नदी ओतली. पुन्हा म्हणाले, अजून एक. तीही ओतली. मग भिजल्या मांजरासारखे वर बांधाकडे गेले, आणि वर जाऊन सांगितलं की पोहून आलो.

असं आहे. अहो, या नदीत त्या दिवसांत माणूस उतरला तर मधल्या धारेपर्यंत पोचत नाही, काठावरचं पोरसुद्धा सांगेल. पण इतिहासाने विचारलं नाही. तुमचा नायक, शाळेतल्या मुलांचा नायक, हा माझ्या बादलीने भिजलेला आहे. करा ना पुतळा, जरूर करा, पण बागेत करा, आणि हातात बादली द्या त्याच्या, मी स्वतः येते हार घालायला!

नाही, मी त्यांना भित्रे म्हणत नाही. तुम्ही तोंड असं करू नका. घाबरलेलं पोर होतं, मी पण घाबरले होते. पाणी ओतताना दयाच आली होती मला. माणसाने एकदा घाबरावं, त्यात काही नाही. मला राग आहे तो पुढचा. युद्ध संपल्यावर दादाची चौकशी झाली, तेव्हा हेच कॅप्टनसाहेब कोरड्या कपड्यांत साक्षीला आले आणि म्हणाले, मी पोहून आलो, मी होडी पाहिली नाही. संपलं! होडी पाहिली नाही म्हटल्यावर जखमींची ती पहिली खेप झालीच नाही. जखमींना कोणी आणलं? कोण जाणे, आले कसे तरी. आणि त्यांतला बोलायला उरलाच कोण, तेही आमचं नशीब. उरली काय, ती एकटी दुसरी खेप, शत्रूवाली. पहिली जिभेवर आणली असती ना त्यांनी, एवढंच म्हटलं असतं की ज्या हाकेने मला आणलं त्याच हाकेने हा पुन्हा गेला — माझा दादा घरी आला असता. त्याऐवजी तुरुंगात गेला. वहिनी माहेरी गेली ती गेलीच. सुटून आला, दोर वळून विकायला बसला, तर बाजारात कोणी त्याच्याकडून दोर घेईना. मग आम्ही ताडपत्र्या शिवायला लागलो — ट्रकवाले परगावचे, त्यांना फितूर कोण नि शूर कोण याच्याशी घेणं नव्हतं. त्या मशीनवर बसून गेल्या वर्षापर्यंत शिवत होता. गेला तेव्हा खांदा द्यायला तेच आले, ट्रकवाले.

आणि वर कादंबरीत त्याला घातलं! कसा — तर एक डोळा बारीक करून हसणारा, पिवळ्या दातांचा, कनवटीला शत्रूची मोहर. अहो, दादाचे दात इतके चांगले होते.

काय? नदीची हाक? हां, ते प्रकरण. माहितेय मला, मुलांना पाठ असतं ते — धुक्यात नायकाला दिशा कळत नाही आणि मग नदी स्वतः त्याला हाक मारते, बाईच्या आवाजात, आणि तो त्या आवाजाच्या रोखाने पोहतो. फार गाजलं म्हणतात. समीक्षकांनी काय काय लिहिलं, नदी म्हणजे माता, नदी म्हणजे मातृभूमी. नदी कसली बोलते! ती मी होते. दादाचा घसा लहानपणी घटसर्पाने गेलेला, अंगणातून हाक मारली तर घरात ऐकू येत नव्हती, वडील गेल्यापासून रोजची हाक मीच घालत —

हं.

निघालं तोंडातून. निघू दे. आता मागे काय घ्यायचं, थुंकलेलं चाटायची सवय नाही मला. हो, हाक माझी होती. पहिली पण आणि दुसरी पण. चौकशीत दादा उभा राहिला आणि म्हणाला, हाक मीच घातली. त्या फाटक्या, फुसफुसत्या आवाजात म्हणाला, आणि समोर बसलेल्या साहेबांना पुढे वाकून, कानाला हात लावून ऐकावं लागलं — आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की हा आवाज नदी ओलांडून जाईल कसा! एकाने म्हटलं असतं, घाल बघू हाक इथून दारापर्यंत. नाही म्हटलं. आणि तुमचे वडील तिथेच बसले होते. त्यांना ठाऊक होतं. बाईचा आवाज त्यांनी ऐकला होता, दोन्ही वेळा, दुसऱ्या वेळी तर बांध चढता चढता मागे वळून बघितलं होतं. पण माझं नाव त्यांनी काढलं नाही, कादंबरीतही नावाड्याला बहीण दिली नाही, आवाज तेवढा उचलून नदीला दिला. कधीकधी मला वाटतं, विसरले. कधी वाटतं, वाचवलं मला. वाचवलं असेल तर कोणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं? माझा भाऊ आत जात असताना मला बाहेर ठेवून उपकार केले होय!

दुसरी हाक का घातली म्हणता? रीत होती. उत्तर येईनासं होईपर्यंत — सांगितलं ना. तुमचे वडील म्हणाले होते, कापा आता दोर. म्हणाले, खोटं कशाला बोलू, तेवढं श्रेय त्यांचं. दादाही म्हणाला, पुरे. रीत राहू दे आज. कुऱ्हाड उचललीही होती त्याने. मी ऐकलं नाही, मी हाक घातली. रीत होती म्हणून. रीत — हो, रीत तर होतीच.

त्या काठावर माझं लग्न ठरलेलं होतं. सायकली दुरुस्त करायचा. कामाला इकडे यायचा आणि संध्याकाळी परत, आणि त्याची एक खोड होती — हाकेला सगळे एकदा आहे म्हणायचे, हा दोनदा म्हणायचा. आहे, आहे! घाईने, जशी काही होडी त्याला सोडूनच जाणार होती. आम्ही हसायचो त्याला. युद्ध लागलं तसं त्यांच्याकडच्या सगळ्या पोरांना गणवेश चढवले, मग त्याची काही खबर नाही. आणि त्या दुपारी पहिली खेप आली, ते जखमी उतरत होते, तेव्हाच मला वाटलं होतं की पलीकडून मागाहून अजून एक आवाज आला. नीट ऐकू आला नाही. म्हणून मी पुन्हा हाक घातली. आणि उत्तर आलं — आहे, आहे.

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याने पण ओळखला आवाज. कुऱ्हाड खुंटाला टेकवून ठेवली आणि सालं निघालेल्या हातांनी पुन्हा दोर धरला. माझ्यासाठी गेला तो. लाच म्हणता ना? ही लाच.

धुक्यातून होडी बाहेर आली ती भरून आली, आणि दादाच्या मानेला बंदूक लावलेली. तो, माझा सायकलवाला, पुढेच उभा होता, अंगात ढगळ गणवेश. त्यांनी त्याला उत्तर द्यायला लावलं, की तो इकडे पळून यायला ओरडला आणि बाकीचे मागून चढले — आजवर मला कळलेलं नाही. कळणारही नाही. उतरला, माझ्या अगदी समोरून गेला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, घरात जा, दार लावून घे. मी गेले, दार लावलं, आणि लगेच बांधावर गोळ्या सुरू झाल्या. म्हणून मी आहे. तो आहे की नाही माहीत नाही. आता पूल आहे, पास काढून लोक जातात येतात, मी कधी गेले नाही.

पश्चात्ताप? कशाचा, अहो? बांधावर माणसं मेली, त्यांच्यासाठी मी रडलेय, अजून रडते, ते माझं मला. पण हाकेचा? नाही. त्या हाकेने तुझा बाप जिवंत आला, बाळा. हाक नसती तर तो तिकडे चिखलात राहिला असता — ना कादंबरी, ना पुतळा, ना तू. एकाच हाकेतून आपला पण येतो आणि परका पण येतो, ते आधी कळत नाही, कळायची सोय असती तर हाक कशाला लागली असती? पुन्हा तसं धुकं पडू दे, तशीच कुऱ्हाड घेऊन कोणी उभं राहू दे, मी पुन्हा हाक घालीन. सांग तुझ्या समितीला.

आणि फलक हवाच आहे ना? मग लिही, मी सांगते तसं लिही. नावाडी फितूर नव्हता. पहिल्या खेपेला त्याने आपल्यांना आणलं. हाक बहिणीची होती, आणि बहीण याच दुकानात बसते, ज्याला काही विचारायचं असेल त्याने येऊन विचारावं. दादाने जन्मभर झाकलं, त्याचं झाकणं त्याच्याबरोबर गेलं. आता मला अटक करा नाहीतर हार घाला. खुंट हलणार नाही.

रडतोस काय? डोळे पूस. ती ताडपत्री तिकडे रॅकवर ठेव आणि निघ आता, गिऱ्हाईक यायचंय. नाही, काही बोलू नकोस. जा. जाताना दार लावून घे.